स्वस्त प्लास्टिकच्या सैनिकांतून मराठा फौज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पानिपत, खर्डा आणि असई या तीन लढाया घरच्या टेबलावर खेळता याव्यात म्हणून मी बरीच वर्षं १:७२ स्केलचे, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढे, प्लास्टिकचे सैनिक कापतोय, जोडतोय, रंगवतोय. हे काम बघून लोक तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. ज्या प्रश्नात मला जास्त गोडी आहे तिथे जास्त लिहिलंय.

दुसऱ्या काळातले सैनिक कापून आपले का करायचे? तयार मिळत नाहीत का?

खेळण्यांच्या पाकिटांत इतिहास फार असमान वाटला गेलाय. नेपोलियनच्या काळातले फ्रेंच, रोमन, दुसऱ्या महायुद्धातले जर्मन हवे तेवढे मिळतात. गारदी, बारगीर किंवा शिंद्यांचे गोलंदाज असं छापलेलं स्वस्त पाकीट दुकानात समोर येत नाही. धातूच्या फिगर मिळतात, पण एका धातूच्या स्वाराच्या पैशात प्लास्टिकचे बरेच स्वार येतात. पानिपतासाठी दोन-तीनशे सैनिक लागणार असतील तर हा हिशेब महत्त्वाचा ठरतो.

ही पद्धत जुनी आहे. एअरफिक्सने १९५९ साली इंग्लंडमध्ये छोट्या प्लास्टिक सैनिकांचं पहिलं पाकीट काढलं, ते गार्ड्स पलटणीच्या बँडचं होतं. पुढची काही वर्षं पाकिटांचे विषय मोजकेच होते. ज्यांना दुसरा काळ खेळायचा होता त्यांनी पातं उचललं आणि एका काळातला शिपाई दुसऱ्या काळात नेला. आपण तेच करतोय.

कोणत्या पाकिटातून कोण होईल, हे कसं ठरवायचं?

बहुतेक जण कपडे बघून पाकीट घेतात. मी आधी अंगाची ठेवण बघतो. कपडे बदलता येतात. पागोटं बांधता येतं, कोटाचे कोपरे कापता येतात, ढाल लावता येते. माणूस घोड्यावर कसा बसलाय, त्याचा खांदा किती वळलाय, बंदूक कशी धरलीय, हे मात्र साच्यातून आलेलं असतं आणि ते फारसं बदलत नाही. म्हणून पाकिटाच्या मागचं चित्र बघताना मनातल्या मनात डोकं आणि कपडे झाकायचे आणि उरलेल्या आकृतीकडे बघायचं. ती आकृती आपल्या माणसाची वाटली तर पाकीट घ्यायचं.

स्वारांसाठी माझी पहिली पसंती नेपोलियनच्या काळातल्या मामलुकांना, म्हणजे इजिप्तच्या घोडेस्वारांना, आहे. वाकडी तलवार, सैल कपडे, कमरेला शेला, सगळं आधीच असतं. त्यांची उंच टोपी वरून सपाट कापायची, कमरेची पिस्तुलं काढायची आणि घोट्याजवळची सैल चूण तासून पायजमा तंग करायचा. एवढ्यावर बारगीर तयार होतो. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार आणि शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन आलेला. टेबलावर हा फरक दाखवायचा असेल तर बारगिरांच्या घोड्यांची खोगिरं एकसारखी रंगवा आणि शिलेदारांची वेगवेगळी.

गारद्यांसाठी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातलं किंवा सप्तवार्षिक युद्धातलं पायदळ घ्या. तिकोनी टोपी काढली की खाली उरतो तो चकमकीची बंदूक घेतलेला, युरोपीय कवायत शिकलेला शिपाई, आणि इब्राहिमखान गारद्याची माणसं तशीच होती. बंदूक खांद्यावर घेऊन चालणारे शिपाई जास्त निवडा, धावणारे टाळा. गारद्यांची ताकद ओळ न मोडण्यात होती. टेबलावर एका लयीत उभी असलेली ओळ दिसली की ती पलटण गारद्यांची वाटते, मग बटणं मोजायला कोणी जात नाही.

अरबांचं पाकीट जवळजवळ तसंच वापरता येतं. मराठा सरदारांच्या, विशेषतः नागपूरकर भोसल्यांच्या नोकरीत अरब शिपाई होतेच. त्यांना कापायचं काही नाही, रंगवायचं फक्त. त्याच पाकिटातला उंट बाजूला ठेवा, त्याचं काम पुढे आहे.

प्लास्टिक कोणत्या जातीचं आहे हे कसं ओळखायचं?

साच्याच्या चौकटीचा एक तुकडा कापून पाण्याच्या वाटीत टाका आणि बोटाने एकदा बुडवा, म्हणजे बुडबुडे निघून जातील. तरंगला तर पॉलिथिन, म्हणजे नेहमीचं मऊ, वाकणारं प्लास्टिक. बुडाला आणि वाकवल्यावर कट्‌कन मोडला तर तो बहुधा कडक पॉलिस्टायरिन. बुडाला पण रबरासारखा वाकला तर पीव्हीसी.

सगळी पुढची कामं यावर ठरतात. कडक प्लास्टिक मॉडेलच्या पातळ सिमेंटने विरघळून जुळतं, कानशीने घासता येतं, पॉलिश पेपर लावता येतो. पॉलिथिनवर यातलं काहीच चालत नाही. पॉलिश पेपर लावला की त्याला लव येते आणि ती रंगाखाली जास्तच दिसते. पॉलिथिन फक्त कापायचं. नवं ११ नंबरचं पातं घ्यायचं आणि करवतीसारखं पुढे-मागे न करता एका दाबात उतरवायचं. तरी कुठे लव राहिलीच तर मेणबत्तीवर तापवलेल्या सुईचं टोक तिच्या जवळून हलकेच फिरवा, ती आपोआप बसते.

डोकं बदललं की दोन दिवसांत पडतं. कोणता गोंद वापरू?

पॉलिथिनला कोणताही नेहमीचा गोंद धड धरत नाही. त्याचा पृष्ठभागच असा असतो की गोंद वर बसतो, आत शिरत नाही. म्हणून जोड गोंदावर सोडायचा नाही, खिळ्यावर सोडायचा. टाचणी तापवून मानेच्या मधोमध ४ मिलिमीटर खोल भोक पाडा, तसंच डोक्यात खालून पाडा, पण ते वरून बाहेर येणार नाही एवढंच खोल. टाचणीचा दोन्ही भोकांत मावेल एवढा तुकडा कापून बसवा. भोक किंचित तंग असावं, म्हणजे प्लास्टिक स्वतःच पोलाद धरून ठेवतं. मग सुपरग्लूचा एक थेंब फक्त हालचाल थांबवायला. अशा पद्धतीने बसवलेली माझी डोकी वर्षानुवर्षं पडलेली नाहीत, आणि डोकं कोणत्या बाजूला वळवायचं हेही शेवटपर्यंत हातात राहतं. ओळीतल्या दोन-तीन शिपायांची मान किंचित वळवली तर साच्यातून निघालेली माणसं साच्यातली वाटत नाहीत.

हात वाकवायचा असेल तर कापायची गरज नसते. उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट धरा, चिमट्याने हवा त्यापेक्षा थोडा जास्त वाकवा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवा. पॉलिथिन थोडं मागे येतंच, म्हणून जास्त वाकवायचं.

पागोटं कसं बांधायचं?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला मनापासून आवडतं. तीन फुटांवरून बघणाऱ्याला सैनिकाचं डोकं, ढाल आणि भाला एवढंच दिसतं. पागोटं नीट बसलं तर तो मराठा आहे. नाही बसलं तर बाकी कितीही मेहनत घेतली तरी तो टोपी हरवलेला इंग्रज दिसतो.

आधी टोपी कपाळाच्या वर साधारण १ मिलिमीटर ठेवून सपाट कापा. त्यावर एम-सीलची मोहरीएवढी गोळी दाबून कवटीला गोल आकार द्या आणि रात्रभर सुकू द्या. दुसऱ्या दिवशी जाड शिवणाचा सुती दोरा १० सेंटिमीटर कापा. फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी घालून त्यात तो भिजवा आणि दोन बोटांत धरून जास्तीचा चीक काढा. दोऱ्याचं टोक उजव्या कानामागे लावा, कपाळावरून तिरपं वर न्या, डाव्या कानावरून मागे, पुन्हा पुढे. दुसरा वेढा पहिल्याला छेदून उलट तिरपा जायला हवा. सहा-सात वेढे होतात. शेवटचं टोक मागच्या वेढ्यात सुईने आत ढकला. ओलं असतानाच वरून बोटाने किंचित चेपा.

शिवणाचा दोरा स्वतःच दोन-तीन पदरी पिळलेला असतो. रंग दिल्यावर तोच पीळ पागोट्याचा पीळ होऊन दिसतो. हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी घरातल्यांना उठवून तो एक स्वार दाखवला होता.

सरदारांसाठी दोरा नको. त्यांची पगडी बांधून तयार झालेली असते, तिला ठरीव आकार असतो. ती एम-सीलची करा आणि ओली असताना पातं टेकवून चुण्या पाडा. पातं पाण्यात बुडवत राहा, नाहीतर एम-सील पात्यालाच चिकटून वर येतं. मळल्यावर हातात अर्धा-पाऊण तास असतो, तेव्हा एका वेळी चार-पाच डोक्यांपुरतंच मळा.

ढाल, भाला, निशाण?

कागदाला भोक पाडायचं पंचिंग मशीन ६ मिलिमीटरची चकती पाडतं. १:७२ मध्ये ती ४३ सेंटिमीटर होते, म्हणजे बरोबर ढालीच्या मापाची. आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणातून चकत्या पाडा, खोडरबरावर ठेवा आणि बंद बॉलपेनच्या गोल टोकाने मधोमध दाबा, चकतीला फुगवटा येतो. वर फेव्हिकॉलचे चार बारीक ठिपके दिले की ढालीच्या फुल्या झाल्या. ढाल काळी किंवा गडद तपकिरी, फुल्या पितळी.

पाकिटातले भाले वाकडे आणि जाड असतात, ते सगळे काढा. मी सतारीची पोलादी तार वापरतो. ती बारीक असते, सरळ राहते आणि बोटाने दाबली तरी पुन्हा सरळ होते. ५० मिलिमीटर तार म्हणजे साधारण १२ फुटी भाला. टोक हातोडीने चेपून तिरपं कापलं की फाळ तयार होतो. मुठीत तापल्या सुईने आरपार भोक पाडून तार त्यातून घाला.

भगव्या निशाणाला दोन टोकं ठेवा. मी साधा कागद दुमडून मध्ये काठी घालतो, फेव्हिकॉलने चिकटवतो आणि ओला असतानाच पेन्सिलीवर गुंडाळून त्याला वाऱ्याच्या लाटा देतो. जरीपटका असेल तर आधी भगवा रंग पूर्ण वाळू द्या, मगच सोनेरी हात फिरवा.

घोडे कोणतेही चालतात का? आणि हत्ती?

नाही, आणि याकडे फार दुर्लक्ष होतं. युरोपातल्या जड घोडदळाचा घोडा खांद्याशी १६० सेंटिमीटरच्या घरात, म्हणजे टेबलावर २२ मिलिमीटर भरतो. भीमेच्या खोऱ्यातलं भीमथडी तट्टू त्याहून बरंच बुटकं आणि काटक. १९ मिलिमीटरच्या आसपासचा घोडा शोधा. हुसार किंवा कोसॅक घोडदळाच्या पाकिटांत तो सापडतो. खोगिरामागची गोल गुंडाळी आणि हुसारांच्या झुलीचे लांब टोकदार कोपरे कापून टाका. त्या जागी एम-सीलची पातळ पोळी लाटून घोंगडीची घडी ठेवा.

हत्तीसाठी प्राण्यांच्या खेळण्यांचं पाकीट घेतलं तरी चालतं, मात्र पट्टी सोबत न्या. मोठा आशियाई नर खांद्याशी २.७ मीटर धरला तर ३७-३८ मिलिमीटरचा हत्ती हवा. पाकिटातला हत्ती बहुतेकदा आफ्रिकन असतो. त्याचे कान निम्म्यावर आणा, डोक्यावर एम-सीलचे दोन उंचवटे द्या आणि पाठीतला खोलगट भाग भरून पाठ कमानीसारखी करा. या तीन गोष्टी केल्या की तो आपल्याकडचा हत्ती दिसायला लागतो. मात्र पानिपतच्या काळात हत्ती निशाणासाठी आणि सरदारांच्या बैठकीसाठी होता. हत्तींची धडक खेळवू नका.

मघाचा उंट आता घ्या. त्याच्या खोगिरावर इलेक्ट्रिकच्या जाड तांब्याच्या तारेचा १५ मिलिमीटरचा तुकडा बसवला की जंबुरा, म्हणजे उंटावरची छोटी तोफ, होतो. पानिपतावर अब्दालीकडे जंबुरे मोठ्या संख्येने होते, त्यामुळे हे उंट त्याच्या बाजूला जास्त लागतील.

रंग उडतो. काय चुकतंय?

बहुधा धुणं. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर फिगरवर राहिलेला असतो. मी पहिले चाळीस स्वार न धुता रंगवले होते. एका उन्हाळ्यानंतर डबा उघडला तेव्हा तलवारी आणि लगाम यांच्यावरचा रंग सालपटं निघाल्यासारखा डब्याच्या तळाशी पडला होता. ते सगळे स्वार मला पुन्हा करावे लागले.

भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवा, जुन्या मऊ टूथब्रशने घासा आणि पूर्ण वाळवा. मग फेव्हिकॉलमध्ये तिसरा हिस्सा पाणी घालून सगळ्या अंगाला एक हात द्या. वाळल्यावर हा थर अंगावर कातडीसारखा तंग बसतो आणि फिगर वाकली तरी तडकत नाही. त्यावर अ‍ॅक्रिलिक रंग. कापडावर रंगवायचे अ‍ॅक्रिलिक रंग मला जास्त आवडतात, कारण ते वाळल्यावरही लवचिक राहतात. शेवटी पुन्हा फेव्हिकॉलचा एक पातळ हात आणि त्यावर मॅट वार्निश.

पांढरा कपडा थेट पांढऱ्याने रंगवू नका. आधी फिकट खाकी द्या आणि मग उंचवट्यांवरच पांढरा ओढा. मोहिमेवर महिनोन्‌महिने राहिलेल्या माणसाचं धोतर किंवा अंगरखा असाच दिसणार.

इंग्रज फौज कुठून आणायची?

असईसाठी वेलिंग्टनच्या काळातल्या ब्रिटिश पायदळाचं पाकीट घ्या, कारण असईवर तोच माणूस होता, फक्त तेव्हा तो आर्थर वेलस्ली होता. ७४ आणि ७८ या दोन हायलँडर पलटणी आणि १९ वी लाइट ड्रॅगून हे त्याचे गोरे सैनिक, बाकी बहुतेक मद्रासचे शिपाई. पाकिटातली उंच शाको टोपी इथे शोभत नाही. तिचा वरचा भाग कापा आणि पंचिंग मशीनच्या चकतीचा काठ देऊन गोल टोपी करा.

शिंद्यांच्या तोफा वेगळ्या शोधू नका. युरोपीय पाकिटातल्या तोफा चालतात. द बॉइन या युरोपीय सेनानीने १७८४ पासून महादजी शिंद्यांकडे कवायती फौज उभी केली तेव्हा तोफखानाही युरोपीय धर्तीवर घडवला गेला. असईवर ७४ व्या पलटणीची जी वाताहत झाली त्यात याच तोफांचा मोठा वाटा होता. तोफेवर माणसं भरपूर ठेवा.

एका लढाईला किती सैनिक लागतात?

मी एक सैनिक म्हणजे ५० माणसं धरतो. असईवर शिंद्यांकडच्या पोहलमन या युरोपीय अधिकाऱ्याच्या हाताखाली कवायती पायदळ साधारण १०,००० होतं, म्हणजे २०० फिगर. वेलस्लीकडचे राजाच्या आणि कंपनीच्या पलटणींचे सैनिक ४,५०० च्या आसपास, म्हणजे ९०. मराठ्यांचं घोडदळ अफाट होतं, पण त्या दिवशी ते जवळजवळ लढलंच नाही. ४० स्वार ठेवले तरी पुरतात.

याच ४० स्वारांतले काही दुसऱ्या बाजूलाही लागतात. वसईच्या तहानंतर पेशव्यांचे स्वार वेलस्लीसोबत होते आणि २३ सप्टेंबर १८०३ ला ते केळणा नदीच्या काठी त्याच्या बाजूने उभे होते. त्यामुळे एका बाजूच्या स्वारांना वेगळा रंग देऊन त्यांना कायमचं 'शत्रू' करून टाकू नका. तेच पागोटं, तोच भाला, तेच तट्टू समोरासमोर उभं राहतं आणि खेळताना त्याचं दुःख होतं. ते व्हायला हवं असं मला वाटतं.

सैनिकांच्या पायाखालच्या बैठकीसाठी जुन्या लग्नपत्रिकांचा जाड पुठ्ठा घ्या. त्यावर चाळलेला मुरूम फेव्हिकॉलने बसवा. असई सप्टेंबरची, पावसाळा सरतानाची, म्हणजे काळी माती आणि त्यावर गवत. पानिपत १४ जानेवारीचं, म्हणून फिकट, कोरडं, धुळकट. दोन्हींना एकाच हिरव्या भुश्शात बुडवू नका.

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे किंवा पाकिटातले मोठे हिरवे सैनिक चालतील?

मातीचे मावळे नाहीत. त्यांचं स्केल ठरलेलं नसतं आणि कापायला गेलं की फुटतात. मोठे हिरवे सैनिक साधारण ५४ मिलिमीटरचे असतात, ते हात बसवायला उत्तम आहेत. मोठ्या डोक्यावर पागोटं बांधायचा सराव करा. चुकलं तरी नुकसान काही रुपयांचं.

माझं बनवलेलं बरोबर आहे हे कशावरून तपासू?

चित्रपट आणि मालिकांवरून नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात शस्त्रं बघा. ढालीची फुली कुठे असते, तलवारीच्या मुठीला गादी कशी असते, हे पाच मिनिटं उभं राहून बघितलं की पुढच्या शंभर फिगरना पुरतं. कपड्यांसाठी त्या काळातली चित्रं आणि वाड्यांमधली भित्तिचित्रं बघा. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात ती आहेत. सोबत वही ठेवा आणि रंग शब्दांत लिहून घ्या. फोटोत रंग बदलतो.

सगळ्यात सोपं कन्व्हर्जन कोणतं?

दुसऱ्या महायुद्धातलं. ब्रिटिश आठव्या सैन्याचं पाकीट घेतलं की मराठा लाइट इन्फन्ट्री जवळजवळ तयार असते. पोलादी टोपी, अर्धी चड्डी, ली-एनफिल्ड रायफल, सगळं तेच. फक्त कातडीचा रंग बदलायचा. १९४१ मध्ये इरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर मराठा पलटणी लढल्या, तो भूभागही उघड्या खडकाचा असल्याने टेबल लवकर उभं राहतं. इटलीची मोहीम करायची असेल तर लांब पँटचं पाकीट घ्या. नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ ला तिथेच एकट्याने शत्रूच्या मशिनगनच्या ठाण्यावर चाल केली आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

बिघडलेल्या फिगर टाकून द्यायच्या का?

एकही नाही. पानिपतावर भाऊसाहेबांच्या फौजेसोबत बुणगे होते. यात्रेकरू, बायका-मुलं, बाजारकरी, नोकरचाकर अशी लढणाऱ्यांहून मोठी संख्या होती. त्यांचं पाकीट कुठेच मिळत नाही. माझ्याकडे जिचा हात कापताना तुटला, जिचं डोकं तिरकं बसलं, जिची बंदूक वितळली ती प्रत्येक फिगर बुणग्यांत जाते. बंदुकीच्या जागी डोक्यावर एम-सीलचं गाठोडं येतं, फाटलेल्या कोटावरून लुगड्याचा पदर घेतला जातो. आता ते त्रेसष्ट झालेत आणि पानिपत मांडताना मी त्यांना भाऊसाहेबांच्या हत्तीमागे, तोफांच्या गाड्यांना खेटून, सगळ्यात आधी ठेवतो. मग फौजेला हलायला किती कमी जागा उरते ते लगेच दिसतं.